नदीवरचे ‘डासांचे वादळ’ आणि तळातली लाल अळी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातली एक चित्रफीत देशभर फिरली. केशवनगर-खराडी परिसरात मुळा-मुठा नदीच्या पात्रावर कीटकांचे काळपट खांब आकाशात उभे होते. वावटळीत धूळ गरगरावी तसे ते वर चढत होते. त्या दृश्याला ‘डासांचे वादळ’ हे नाव मिळाले आणि ते चिकटले. हिवाळा सरून ऊन तापू लागले की नदीकाठच्या वस्त्यांना हा त्रास नवा नाही. संध्याकाळी दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, उदबत्ती आणि कॉइल पेटवायची आणि धूरफवारणीची गाडी कधी येते याची वाट पाहायची, हा तिथला क्रम ठरून गेला आहे.

या गडबडीत एक साधा प्रश्न मागे पडतो. हा कीटक नेमका कोणता? तापाचा रुग्ण समोर आला तर मलेरिया की डेंग्यू हे रक्त तपासून ठरवले जाते आणि मग औषध दिले जाते. नदीच्या बाबतीत मात्र तपासणीआधीच औषधाची फवारणी सुरू होते. दूरवरून काढलेल्या चित्रफितीवरून कीटकाची जात ठरत नाही. त्यासाठी जाळीत चार कीटक पकडून भिंगाखाली पाहावे लागतात. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि पुढचा सगळा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

याचे कारण असे की मैलापाण्याच्या नदीत किमान दोन वेगळे कीटक मोठ्या संख्येने वाढतात. एक क्युलेक्स डास. तो साचलेल्या घाण पाण्याच्या पृष्ठभागाशी, जलपर्णीच्या आडोशाने वाढतो. त्याची मादी रात्री चावते. त्याच्यामुळे हत्तीरोगाचा प्रसार होऊ शकतो. दुसरा कीटक दिसायला अगदी डासासारखा, पण चावत नाही. त्याच्या तोंडाला रक्त शोषणारी सोंडच नसते. त्याची अळी पृष्ठभागावर नव्हे, तर तळाच्या गाळात राहते. शास्त्रीय भाषेत या प्रजातीचे नाव कायरोनोमस. बोलीभाषेत तो ‘चिलटे’ या सरधोपट नावाखाली जातो. सांजवेळी पाण्यावर उंच, दाट खांब उभे करण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे तो हाच.

दोघांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो. भिंतीवर बसलेला डास बहुधा मागचे पाय वर उचलतो, कायरोनोमस पुढचे पाय उचलून हवेत धरतो. त्याचे नाव यावरूनच पडले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म माइगेन याने १८०३ मध्ये ही प्रजाती नोंदवली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हातवारे करणारा. डासाच्या तोंडापुढे सुईसारखी लांब सोंड दिसते, याच्या तोंडापुढे काही दिसत नाही. डासाच्या पंखांवर खवले असतात, याचे पंख स्वच्छ आणि पोटापेक्षा आखूड असतात. नराच्या डोक्यावर पिसांच्या झुपक्यासारख्या मिशा असतात. सकाळी दिव्याखाली मेलेल्या चिलटांचा खच पडलेला असेल आणि घरात कुणाच्या अंगावर चावल्याची खूण नसेल, तर संशय याच्यावर घ्यावा.

गाळातले लाल रक्त

आकाशातला खांब हा या कीटकाच्या आयुष्याचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे. प्रौढ कीटक जेमतेम काही दिवस जगतो आणि त्या काळात फारसे काही खातही नाही. नर सांजवेळी झाडाच्या शेंड्यावर, पुलाच्या कठड्यावर किंवा काठावरच्या एखाद्या उंचवट्यावर थवा करून घिरट्या घालतात. माद्या त्या थव्यात शिरतात, मीलन होते. मग मादी पाण्याच्या कडेला चिकट, जेलीसारख्या आवरणात गुंडाळलेली शेकडो अंडी एकाच पुंजक्यात घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी तळाशी जाते आणि लाळेच्या रेशमी धाग्याने गाळाचे कण जोडून स्वतःपुरती एक नळी बांधते. त्या नळीत शरीर हेलकावत ती पाण्याचा प्रवाह आत ओढते आणि कुजणाऱ्या सेंद्रिय कणांवर पोसते. चार वेळा कात टाकल्यावर तिचा कोष होतो. तो पृष्ठभागावर येतो आणि त्यातून पंख फुटलेला कीटक उडून जातो. पाणी उबदार असेल तर हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरे होते.

अळीचा रंग लालभडक असतो. मत्स्यालयाच्या दुकानांत ‘ब्लडवर्म’ म्हणून जी पाकिटे विकली जातात, ती हीच. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य आहे, त्याचाच हा भाऊबंद. बहुतेक कीटकांच्या रक्तात ते नसते. माणसात ते लाल पेशींमध्ये बंदिस्त असते, या अळीत ते रक्तद्रवातच विरघळलेले असते. प्राणवायूवरची त्याची पकड इतकी घट्ट असते की पाण्यात तो अगदी नाममात्र उरला तरी अळी तो खेचून घेते. जिथे मासे गुदमरून मरतात तिथे ही जगते.

नदीचे आजारपण समजून घ्यायला हा मुद्दा पुरेसा आहे. नाल्यांतून शुद्ध न केलेले मैलापाणी नदीत आले की त्यातली घाण कुजवण्यासाठी जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. ‘बीओडी’ नावाची चाचणी हीच भूक मोजते. आंघोळीयोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा निकष आहे. भूक वाढली की प्राणवायू घटतो. मग खळाळत्या, स्वच्छ पाण्यात दगडाखाली राहणाऱ्या, कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या ‘मेफ्लाय’ आणि ‘स्टोनफ्लाय’ यांच्या अळ्या आधी जातात. पाठोपाठ अळ्या खाणारे मासे आणि चतुरांची पिल्ले कमी होतात. उरते ती लाल अळी. तिच्यापुढे खाद्याचा डोंगर असतो आणि तिला खाणारे कुणी नसते. अशा गाळात एका चौरस मीटरमध्ये या अळ्या हजारोंनी सापडतात. त्या सगळ्यांना पंख फुटले की आकाशात खांब उभा राहतो.

म्हणजे त्या चित्रफितीत दिसणारी गोष्ट हवेत सुरूच झाली नव्हती. तिची सुरुवात कित्येक आठवडे आधी तळाशी आणि त्याहीपूर्वी शहराच्या न्हाणीघरांत आणि शौचालयांत झाली होती.

नदीचा ‘रिपोर्ट’

कायरोनोमस म्हणजे घाण आणि घाण म्हणजे कायरोनोमस, असे सोपे समीकरण मात्र मांडता येत नाही. बिनचाव्या चिलटांचे हे कुळ प्रचंड मोठे आहे. त्याच्या हजारो जाती आहेत आणि सह्याद्रीतल्या निर्मळ ओढ्यांतही त्यांतल्या अनेक सुखाने नांदतात. खुद्द कायरोनोमसही चांगल्या पाण्यात थोड्या संख्येने असतो. तिथे तो गाळ उपसतो, कुजके खातो आणि माशांचे, धोबी पक्ष्यांचे, पाकोळ्यांचे पोट भरतो. काळजी वाटावी ती त्याच्या असण्याची नव्हे, एकट्याच्या असण्याची. रक्तात पांढऱ्या पेशी असतातच. त्यांचे प्रमाण बिघडले की डॉक्टर सावध होतो. नदीच्या तळाचेही तसेच आहे.

याच तत्त्वावर ब्रिटनमध्ये नद्यांना गुण देण्याची पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली. तळातले प्राणी जाळीत गोळा करायचे, कोणकोणती कुळे सापडली ते पाहायचे आणि प्रत्येक कुळाला ठरलेले गुण द्यायचे. स्वच्छ पाण्यातल्या स्टोनफ्लायला १०, बिनचाव्या चिलटांच्या कुळाला २ आणि गाळातल्या गांडूळवर्गी किड्यांना १. बेरीज आणि सरासरी काढली की नदीची प्रकृती कळते. भारतातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच धर्तीवर जैविक निकष तयार केले आहेत. त्यांत नदीला ‘अ’पासून ‘इ’पर्यंत वर्ग मिळतो. निकष आहेत, पद्धत आहे, तरी शहरातल्या नद्यांबद्दलची चर्चा अजून बाटलीत भरून आणलेल्या पाण्याच्या नमुन्यापलीकडे सहसा जात नाही.

बाटलीतला नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो. पहाटे नाल्यात काही सोडले आणि दुपारी नमुना घेतला तर तो निर्दोष निघू शकतो. तळातली अळी मात्र दोन-तीन आठवडे तिथेच राहिलेली असते. तिने सगळे काही सोसलेले असते. गाळात शिसे, तांबे, कॅडमियम यांसारखे जड धातू असतील तर कायरोनोमसच्या अळीच्या तोंडातल्या दातांच्या पट्टीची रचना बिघडते. दात कमी-जास्त होतात, वाकडे होतात. भिंगाखाली अशा अळ्यांचे प्रमाण मोजून गाळातल्या विषाचा अंदाज बांधता येतो. ‘ओईसीडी’ या संघटनेच्या रसायन चाचण्यांत गाळातली विषारीपणाची तपासणी याच प्रजातीच्या अळ्यांवर केली जाते. एखादे नवे कीटकनाशक नदीच्या तळाला कितपत घातक आहे, हे ठरवण्यात या अळीची साक्ष मोलाची मानली जाते.

पुण्याला या कीटकाची ओळख नवी नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ‘कायरोनोमस रॅमोसस’ या भारतीय जातीवर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. ही अळी माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट किरणोत्सर्ग सहन करू शकते, हे तिथल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी मिळून दाखवले. गुणसूत्रांच्या अभ्यासाचा इतिहासही या अळीशी जोडलेला आहे. १८८१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बाल्बियानी याने तिच्याच लाळग्रंथीत ती प्रसिद्ध, पट्टेदार महागुणसूत्रे पाहिली. जाणकार विद्यापीठात आहेत, कीटक नदीत आहे आणि दोन्हींमध्ये काही किलोमीटरचेच अंतर आहे. तेवढे अंतर कापून नियमित मोजणी सुरू करायला फार मोठ्या खर्चाची गरज नाही.

चावत नाही म्हणजे निरुपद्रवी नाही

डॉक्टरांनी या कीटकाकडे दुर्लक्ष करण्याचे कारण उघड आहे. तो चावत नाही, मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुन्या, हत्तीरोग यांतले काहीही पसरवत नाही. तरीही त्याच्या तीन गोष्टी वैद्यकाशी संबंधित आहेत.

पहिली गोष्ट दम्याची. अळीला प्राणवायू पुरवणारे हिमोग्लोबिन माणसाच्या श्वासात गेले तर काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. सुदानमध्ये नाईल नदीच्या काठी याच कुळातली एक हिरवट चिलटे ठरावीक मोसमात ढगांसारखी येतात. तिथे त्यांना ‘निमिती’ म्हणतात. त्या मोसमात दम्याचे, नाक-डोळ्यांच्या खाजेचे रुग्ण वाढतात, हे गेल्या शतकाच्या मध्यापासून नोंदले गेले आहे. जर्मनीत माशांचे वाळवलेले लाल खाद्य हाताळणाऱ्या कामगारांत आणि मत्स्यालयाचा छंद असणाऱ्यांतही हीच ॲलर्जी सापडली आणि तिचे कारण अळीचे हिमोग्लोबिनच असल्याचे सिद्ध झाले. मेलेली चिलटे खिडकीच्या चौकटीत वाळतात, त्यांचा भुगा होतो आणि पंख्याच्या वाऱ्याने तो घरभर उडतो. नदीकाठी राहणारा दम्याचा रुग्ण फेब्रुवारी-मार्चमध्ये दरवर्षी बिघडत असेल, तर धूळ आणि परागकणांबरोबर त्याच्या खिडकीतल्या चिलटांचीही चौकशी व्हायला हवी. ती सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. २००१ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी कायरोनोमसच्या जेलीसारख्या अंडपुंजक्यांत पटकीच्या जिवाणूचे वास्तव्य असल्याचे दाखवले. हा जिवाणू एका विकराच्या साहाय्याने ती जेली विरघळवतो आणि तिच्यावर पोसतो. इथे घाबरून जाण्याचे कारण नाही. अंडपुंजक्यांत सापडलेले बहुतेक जिवाणू साथ पसरवणाऱ्या प्रकारांतले नव्हते. पटकीची साथ मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्यानेच येते. पण दोन साथींच्या मधल्या काळात हा जिवाणू निसर्गात कुठे टिकून राहतो, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर या अंड्यांत असू शकते. महाराष्ट्राने या प्रश्नाकडे कानाडोळा करू नये. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमेचे पाणी उजनीत साठते आणि उजनीतून सोडलेले पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहते. आषाढीला लाखो वारकरी त्याच पात्रात उतरतात. पुण्याच्या नाल्याचा आणि पंढरीच्या वाळवंटाचा संबंध नकाशावर बोट फिरवून कुणालाही दाखवता येतो.

तिसरी गोष्ट घरातल्या नळाची. पाण्यात वळवळणारी लाल अळी दिसली की घरात कल्लोळ होतो. ती पोटात गेल्याने जंत होत नाहीत, कारण ती माणसाच्या शरीरात वाढणारा परजीवी नाही. पण ती दिसली याचा अर्थ टाकीत गाळ साठला आहे आणि टाकीच्या झाकणातून किंवा हवेच्या नळीतून मादी आत शिरते आहे. नेहमीच्या मात्रेतले क्लोरीन या अळीला मारत नाही. त्यामुळे वासावरून पाणी शुद्ध समजू नये. टाकी उपसून, तळ घासून धुवावी, झाकण घट्ट बसवावे, हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी आणि तोवर पाणी गाळून, उकळून प्यावे. ज्या टाकीत चिलटाची मादी शिरू शकते त्या टाकीत डासाची मादीही शिरू शकते, हे विसरू नये.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आता फवारणीकडे. डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून सोडलेला धूर त्या वेळी हवेत उडणाऱ्या कीटकांनाच मारतो. तो विरला की परिणाम संपतो. गाळातल्या नळीत बसलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. आज खांब पाडला तरी तळाशी पुढचा खांब वाढतच असतो. धूर मात्र दम्याच्या रुग्णाच्या, तान्ह्या बाळाच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो. पाण्यात औषध टाकण्याचा उपाय सुचवला जातो, पण वाहत्या नदीत त्याची मात्रा टिकत नाही आणि जास्त मात्रा टाकली तर लाल अळीपेक्षा नाजूक असलेले, तिला खाणारे जीव आधी मरतात. म्हणजे पुढच्या वर्षी तिला रान आणखी मोकळे.

या प्रकरणात आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक काय असेल, तर लक्ष चुकीच्या जागी जाणे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नदीच्या घाण पाण्यात वाढत नाही. त्याला माणसाच्या घरातले साठवलेले, स्वच्छ पाणी लागते. पिंप, कूलर, फ्रिजमागची तबकडी, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर, बांधकामावरची टाकी, या त्याच्या जागा. तो दिवसा चावतो. नदीवर आभाळाएवढा थवा पाहून घाबरलेल्या घरातच, न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या पिंपात, एडिसच्या अळ्या वळवळत असतात. लोक खिडकी बंद करतात आणि पिंपाचे झाकण उघडे ठेवतात. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण याहून चपखल कुठे लागू पडणार? आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करून पुन्हा भरणे, हा सरकारी आरोग्य विभागाचा जुना आणि कंटाळवाणा सल्ला आहे. नदीवरच्या धुराच्या दहा गाड्यांपेक्षा तो जास्त जीव वाचवेल.

क्युलेक्सचा बंदोबस्त अर्थातच करायला हवा. जलपर्णी काढणे, काठावरची डबकी बुजवणे, तुंबलेले नाले वाहते करणे हे उपाय त्याला लागू पडतात आणि ते वेळेत, थंडी सरायच्या आतच व्हायला हवेत. पण जलपर्णी काढूनही खांब उभे राहिले, तर मात्र दोष गाळाचा आहे हे ओळखावे. म्हणूनच आधी ओळख, मग उपाय.

पालिकेने काय करावे, नागरिकांनी काय करावे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रातले होते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे होती. दुसरीकडे सुमारे ४४ किलोमीटरच्या काठाच्या सुशोभीकरणाचीही योजना आहे. या दोन कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. काठावर फरशी आली, बाके आली, पांढरे झगझगीत दिवे आले आणि तळातला गाळ तोच राहिला, तर त्या दिव्यांवर सर्वांत आधी येणारे पाहुणे चिलटेच असतील. या कीटकाला प्रकाशाची जबर ओढ आहे. संध्याकाळी नदीकाठी फिरायला आलेल्या कुटुंबाला तोंडावर रुमाल धरून परतावे लागेल.

उपाय चालतो याचा दाखला जपानमध्येच आहे. नागानो प्रांतातल्या सुवा सरोवराच्या काठावर चिलटांच्या थव्यांनी लोक हैराण होते. तिथे मैलापाणी सरोवरात जाणे थांबवले गेले, पाणी हळूहळू निवळले आणि कायरोनोमसची संख्या घटली. त्याला वर्षे लागली. मैलापाण्याच्या वाहिन्या टाकणे हे फवारणीच्या गाडीसारखे छायाचित्रात शोभणारे काम नाही. पण रोग मुळापासून जातो तो याच कामाने.

तोवर पालिकेला करता येण्याजोगे बरेच आहे. थवा दिसल्याची तक्रार आली की फवारणीआधी कीटक पकडून ओळखून घ्यावेत आणि काय सापडले ते लोकांना सांगावे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, खडकवासल्यापासून मुंढव्यापर्यंत ठरलेल्या ठिकाणी तळातल्या जिवांची मोजणी करावी. शहरातल्या महाविद्यालयांचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील, जाळी, ट्रे आणि भिंग एवढेच त्याला लागते. मोजणीचा निकाल पाण्याच्या अहवालाबरोबर प्रसिद्ध करावा. शुद्धीकरण केंद्र सुरू झाले हे फीत कापल्यावरून ठरवू नये. त्याच्या खालच्या पात्रात लाल अळीचे प्रमाण घटले का आणि मेफ्लायची अळी परतली का, यावरून ठरवावे.

नदीकाठच्या नागरिकांनी मोसमात सूर्यास्तानंतर तास-दीड तास बाल्कनीतले आणि खिडकीजवळचे दिवे बंद ठेवावेत, बाहेर लावायचाच असेल तर पिवळा, मंद दिवा लावावा. खिडक्यांना बारीक जाळी बसवावी. मेलेली चिलटे झाडूने उडवू नयेत, ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम त्याच्याकडे देऊ नये आणि कॉइलचा धूरही टाळावा. त्या दिवसांत खोकला, धाप किंवा डोळ्यांची खाज वाढत असेल तर डॉक्टरांना चिलटांबद्दल आवर्जून सांगावे. आणि खिडकी लावून झाली की पिंपाचे झाकणही लावावे.

ताप उतरवणारी गोळी घेऊन थर्मामीटर खाली आणता येतो, आतला संसर्ग तसाच राहतो. धुराने रिकामे केलेले आकाश हे तशाच उतरवलेल्या तापासारखे आहे. नदीच्या तळातली लाल अळी दरवर्षी न चुकता, फुकट तपासणी करून अहवाल देते आहे. तो वाचायचा की जाळायचा, हे पुढचा उन्हाळा लागण्याआधी ठरवायला हवे.